पाइपाचे वैद्य

"आला पाइपाचा वैद्य. आता जीभ काहाड म्हणीन पाइपाले."

किसन तायडे हे बोलले ते वॉल्व्हच्या चाकावरचा हात न काढता. शेजारी सरकीच्या पोत्यांवर बसलेले दोन हमाल खांद्यावरचे दुपट्टे तोंडात धरून हसले. मी टाकीखाली नमुन्याची बाटली भरत होते. मला हसू आलं, पण मी बाटलीकडेच बघत राहिले. गिरणीत लागून मला फार दिवस झाले नव्हते आणि कुठल्या गोष्टीला हसलेलं चालतं हे अजून कळायचं होतं.

फाटकातून टांगा आत आला होता. त्यातून आधी पाण्याची सुरई उतरली, मग मखमली अस्तराची लाकडी पेटी, आणि सगळ्यांत शेवटी पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांतले दोन पाय. हे सबनीससाहेब. अमरावतीला राजापेठेत राहायचे. बडनेऱ्याला गाडी पकडून वर्षातून दोनतीनदा आमच्या अकोल्याच्या तेलगिरणीत यायचे आणि पाइपाच्या आत काय आहे ते बाहेरून सांगायचे.

हे सांगणं आमच्या गिरणीला का हवं होतं, ते आधी सांगते. घाण्यांच्या शेडपासून रेल्वे साइडिंगवरच्या टाकीपर्यंत तेलाचा एक लांब पाइप होता. लोखंडी खांबांवर, खांद्याएवढ्या उंचीवरून तो सगळं आवार ओलांडून जायचा. सरकीचं तेल थंडीत गोठतं आणि डब्यातल्या तुपासारखं कडेला धरून बसतं. म्हणून तेलाचा पाइप एका मोठ्या पाइपात घातलेला होता, आणि दोघांच्या मधल्या फटीतून गरम पाणी फिरवलेलं होतं. पाणी गिरणीच्याच विहिरीचं. अकोल्याकडचं खारं पाणी काय करतं ते तिथे डाळ शिजवणारीला विचारावं. डाळ शिजत नाही, पण पातेल्याला पांढरं कवच चढतं. तेच कवच त्या फटीत चढायचं. किती चढलं ते पाहायचं तर पाइप कापावा लागे, पाइप कापायचा तर गिरणी बंद, आणि हंगामात गिरणी बंद ठेवायची म्हटलं की आमच्या शेठजींचा घास घशातच अडकायचा. न कापता आतलं सांगणारा माणूस म्हणजे त्यांना साक्षात्कारच वाटला.

साक्षात्काराची पद्धत अशी होती. ऑफिसच्या व्हरांड्याला लागूनच पाइप जायचा. तिथे सावलीत खुर्ची मांडली जायची. साहेब बसत, सुरईतलं पाणी पीत, पेटी उघडत. पेटीत रुपेरी मुठीची एक लहान हातोडी आणि डॉक्टरांची असते तशी, कानात घालायची नळी. नळीचं टोक पाइपावर टेकवायचं, हातोडीने टक् करायचं आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ आवारात कुणी बोलायचं नाही. बैलगाड्या फाटकाबाहेर थांबवल्या जात. एकदा एका गाडीचा बैल हंबरला तर साहेबांनी डोळे न उघडता गाडीवानाला बोटाने दूर जायला सांगितलं. गाडीवान म्हणाला, "मी चूप हाव ना बाप्पा, बैलाले कोन सांगीन?"

मग साहेब डोळे उघडत आणि म्हणत, "अर्धा सूत."

कारखान्यात इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. तेव्हा अर्धा सूत म्हणजे एखाद्या जाड पुठ्ठ्याएवढा थर. त्या वर्षी अर्धा सूत होता. जुन्या फायलीत पाहिलं तर आदल्या वर्षीही अर्धा सूतच होता, आणि त्याच्या आदल्या वर्षीही. एकदा फिटरने धीर करून विचारलं, "साहेब, वाढत नाही काय हा?"

"थर वयात आलाय आता," साहेब म्हणाले. "वाढ थांबली."

आणि बाकीचा पाइप? तो त्यांनी कधी ऐकला नाही. साइडिंगपर्यंतच्या वाटेवर ऊन होतं, पेंडीचा चिखल होता, आणि ते बूट पांढरे होते. "शितावरून भाताची परीक्षा," ते म्हणायचे आणि पेटी बंद करायचे. माझ्या आईनेही असा भात पाहिलेला आहे. वरचं शीत मऊ लागतं आणि तळाला तांदूळ तसाच असतो. पण आई त्याचे पैसे घेत नसे.

पाणी मात्र ते अमरावतीहून आणायचे. "तुमच्या अकोल्याचं पाणी माझ्या आतड्यांना सोसत नाही," असं सगळ्यांदेखत सांगून ते सुरई तोंडाला लावत, आणि त्याच बैठकीत, ते पाणी लोखंडाला उत्तम सोसतं असा निर्वाळा देत. या दोन वाक्यांची त्यांच्या मनात कधी गाठ पडली नाही. मी बीएस्सी झालेली होते, गिरणीत केमिस्ट म्हणून लागले होते, तेलातली आंबटाई मोजत होते, आणि तरी मी काही बोलत नसे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणून केमिस्टपेक्षाही माझा उपयोग इंग्रजी पत्रं लिहायला होई. साहेब सांगत आणि मी लिहून घेई. ते मला "मिस राऊत" म्हणत आणि मी त्यांना "येस सर" म्हणे. आमचं सगळं संभाषण एवढंच.

इंग्रजीवर त्यांची भक्ती होती. विलायतेत ते काही महिने होते, आणि तिथून थंडी आणि एक ओव्हरकोट एवढंच घेऊन आले होते असं माझं मत आहे. जे वाक्य मराठीत म्हणायला लाज वाटावी, ते साहेब इंग्रजीत म्हणत. तेवढ्याने ते सभ्य होतं असा त्यांचा समज होता. साहेबांची खाली ठेवलेली पेटी उचलायला किसनभाऊंनी एकदा हात पुढे केला. साहेब मराठीत म्हणाले, "राहू दे, नाजूक आहे ती." नंतर चपराशाने तीच पेटी बाजारातल्या पिशवीसारखी झुलवत नेली, तेव्हा तिच्या नाजूकपणाची त्यांना आठवण झाली नाही. माझ्याकडे वळून त्यांनी इंग्रजीत सांगितलं, की हे लोक आता बौद्ध झाले आहेत पण हात तेच आहेत. किसनभाऊ तिथेच उभे होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पण माणूस कुणाच्या हाताकडे बघून बोलतो ते कळायला इंग्रजी लागत नाही. ते लुगड्यासारखं घडी घालून काहीतरी मनात ठेवताना दिसले आणि साइडिंगकडे निघून गेले.

संत्र्यांची गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे, तरी इथे सांगते. वरूडकडचे एक बागायतदार शेठजींना भेटायला आले होते. त्यांनी करंडीभर संत्री आणली होती. साहेब व्हरांड्यात होतेच. बोलता बोलता ते म्हणाले, की ठोकून ऐकण्याची विद्या एकदा अंगात आली की तिला लोखंडच लागतं असं नाही. एक संत्रं उचलून त्यांनी कानाशी धरलं, नखाने टिचकी मारली, डोळे मिटले. "पातळ साल. बिया पाच." बागायतदारांनी संत्रं सोललं. साल चपलेच्या तळव्याएवढी जाड निघाली. बिया मोजायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

दुसरा कुणी हसून मोकळा झाला असता. साहेबांनी त्या संत्र्याकडे, खोटं बोलताना पकडलेल्या नोकराकडे पाहावं तसं पाहिलं आणि म्हणाले, "हे वरूडचं नाहीच."

"साहेब, माह्या बागेतलं हाय. काल मी सोता तोडलं."

"मग झाड वरूडचं नसेल."

बागायतदारांनी शेठजींकडे पाहिलं. शेठजी फोड तोंडात टाकत म्हणाले, "खाऊन घ्या हो. संतरा आहे, पाइप थोडीच आहे!" मला वाटलं, शेठजींना आज सगळं कळलं. पण तसं नव्हतं. स्वस्तात पडणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायला शेठजींना फारसा पुरावा लागत नसे.

एका रविवारी मी अमरावतीला घरी गेले होते, तेव्हा कुठल्याशा कागदावर साहेबांची सही घ्यायला राजापेठेत त्यांच्या घरी जावं लागलं. बैठकीत त्यांचा विलायतेतला फोटो होता. ओव्हरकोटातले साहेब एका प्रचंड बॉयलरला हात टेकून उभे होते, आणि ज्यांचा तो बॉयलर असावा ते दोन गोरे कामगार फोटोच्या कडेला अर्धे कापले गेले होते. आत मोरीतला नळ ठिबकत होता. सबनीसबाई चहा घेऊन आल्या. मी नळाकडे बघते आहे हे पाहून म्हणाल्या, "सहा महिने झाले. ह्यांना सांगितलं की हे नळाला ती नळी लावून ऐकतात आणि म्हणतात, वॉशर गेलाय. अगं, गेलाय ते मलाही ऐकू येतं. बसवणार कोण?" त्या हसल्या नाहीत. साहेबांनी सही केली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. क्षणभर मला त्यांची दया आली. पुढे जे झालं त्यानंतर ती परत आली नाही.

त्या हिवाळ्यात तेल कमी भरू लागलं. शेडमधून जेवढं तेल पाइपात सोडलं जाई तेवढं साइडिंगच्या टाकीत पोचत नव्हतं. रोजची तूट थोडी होती, पण रोज होती. टाकीच्या वॉल्व्हवर किसनभाऊ. तेव्हा प्रश्न एकच होता. तेल पाइपात अडकतंय, की किसनभाऊ ते बाहेर काढतायत? पाइप तुंबलेला असेल तर किसनभाऊ सुटले. पाइप मोकळा असेल तर ते चोर.

निवाड्यासाठी सबनीससाहेब आले. खुर्ची, सुरई, पेटी. व्हरांड्यापाशी टक्. डोळे मिटले. त्या दिवशी बैलगाड्यांना गप्प करावं लागलं नाही, सगळं आवार आधीच गप्प होतं. किसनभाऊ पायऱ्यांखाली उभे होते आणि त्या हातोडीकडे बघत होते. वैद्याची थट्टा करणारे ते किसनभाऊ नव्हते.

"घंटेसारखा वाजतो," साहेब म्हणाले. "पाइप स्वच्छ आहे. पाइप खोटं बोलत नाही, माणूस बोलतो."

"साहेब, तिकडून बी ठोकून पाहा ना एकडाव," किसनभाऊ म्हणाले. "टाकीकडून."

"शितावरून भाताची परीक्षा."

"मी चोरी नाई केली, शेठजी. पंधरा सालं झाले मले इथं. काहून करीन?"

शेठजी साहेबांकडे बघू लागले. साहेबांनी मला इंग्रजीत मजकूर सांगितला, की पाइप निर्दोष असून तुटीचं कारण मानवी आहे, आणि धर्म बदलल्याने सवयी बदलत नाहीत. हे शेवटचं वाक्य मी लिहिलं नाही. लिहिलेलं वाचून पाहण्याइतके साहेब कधीच दक्ष नसत.

दुपारी फाटकावरचे दोघे रखवालदार किसनभाऊंच्या घरी गेले. भांडी बाहेर काढली, पेटी उलटी केली, अंगणातला उकिरडासुद्धा काठीने ढवळला. घरात दिव्याच्या तेलाची एक बाटली निघाली. ती पुरावा म्हणून ऑफिसात आणली गेली. ते गोडं तेल होतं, करडईचं. माझ्या टेबलावर ठेवलं तेव्हा नुसत्या वासाने कळत होतं, पण ते मला कुणी विचारलं नाही. शेठजींनी किसनभाऊंना घरी बसवलं आणि ठरवलं की आठवडा संपायच्या आत कामावरून काढायचं आणि मग पोलिसात द्यायचं. किसनभाऊंची बायको फाटकाबाहेर येऊन उभी राहायची. लोक तिच्याशी बोलायचे नाहीत. मुलाला शाळेत "तेल्या" म्हणू लागले होते, हे ती चपराशाला सांगताना मी ऐकलं.

आमच्या आवारात चिमण्या आणि पारवे फार. सांडलेल्या सरकीवर जगायचे. थंडीच्या दिवसांत सकाळी मी प्रयोगशाळेच्या खिडकीत उभी राहायचे, कारण ऊन तिथे आधी येई. पारवे पाइपावर ओळीने बसलेले असत, छाती फुगवून, अगदी चिकटून. आदल्या हिवाळ्यात त्यांची ओळ थेट टाकीपर्यंत जायची. त्या सकाळी माझ्या लक्षात आलं की ओळ तिसऱ्या खांबाशी संपते. पुढच्या पाइपावर एकही पक्षी नव्हता. तिथे दव तसंच होतं, थेंब चमकत होते. पारव्यांना पाइप कुठवर गरम आहे ते कळलेलं होतं.

प्रयोगशाळेच्या खणात मी मेणबत्त्या आणून ठेवल्या होत्या, त्या घेतल्या. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मेणबत्त्यांची कमी नसे, त्या जवळ ठेवायची सवय तिथली. खांबाखांबापाशी पाइपावर मेणाचा एकेक गोळा चिकटवला. पहिल्या खांबापाशी मेण लगेच ओघळलं. दुसऱ्यापाशी जरा वेळाने. तिसऱ्यापाशी ते नुसतं मऊ झालं. पुढे ते होतं तसंच राहिलं, मी परत जाऊन नख लावलं तर कडक. गरम पाणी तिथवर जातच नव्हतं. खाऱ्या पाण्याच्या कवचाने फट बुजली होती, आणि थंड पडलेल्या पाइपात तेल गोठून बसलं होतं. साहेबांची सावलीतली खुर्ची पहिल्या खांबापाशी होती.

शेठजी सकाळच्या फेरीला निघाले होते. मला पाइपावर मेण थापताना पाहून थांबले.

"बाई, हे काय करून राहिल्या?"

मला शब्द सुचेनात. माझं तसं होतं, महत्त्वाच्या वेळी इंग्रजी आणि मराठी दोन्ही निघून जातात. मी नुसतं ओघळलेल्या मेणाकडे बोट दाखवलं, मग कडक मेणाकडे. शेठजींनी ते पाहिलं. मग त्यांनी पाइपावर पंजा ठेवला आणि चालू लागले. पहिला खांब, दुसरा खांब. तिसऱ्यापाशी त्यांचा हात थांबला. चौथ्यापाशी त्यांनी हात झटकन काढला आणि तोच हात स्वतःच्या गालाला लावून पाहिला. माणूस व्यापारी असला की थंड आणि गरम यांतला फरक त्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही.

"फिटरले बोलवा," ते ओरडले. "कापा इथून."

पाइप कापला. बाहेरच्या पाइपात खडूसारखं पांढरं कवच, अर्धा सूत कसलं, फट दिसतच नव्हती. आतल्या पाइपात पांढरट पिवळं तेल कडेकडेने थिजलेलं, मधे अंगठा जाईल एवढं भोक. रोजची तूट तिथे थरावर थर बसली होती. फिटरने पहारीने खरवडली तर बादली भरली. बघायला सगळी गिरणी जमली. शेठजींनी फाटकावरच्या माणसाला सांगितलं, "तायडेले सांग, उद्यापासून ये म्हणा." एवढंच. जणू किसनभाऊ तापाने रजेवर होते.

सबनीससाहेब दोन दिवसांनी आले. त्यांना बोलावलं होतं की ते आपले आपण आले, मला माहीत नाही. खुर्ची मांडली गेली, कारण चपराशाला सवय होती. पाइपाचा कापलेला तुकडा व्हरांड्यात ठेवलेला होता. साहेबांनी पेटी उघडली, नळी कानात घातली आणि त्या तुकड्यावर हातोडीने टक् केलं. आत काय आहे ते दोन्ही बाजूंनी उघडं दिसत होतं. तरी त्यांनी डोळे मिटले.

"बरोबर," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं."

कुणी हसलं नाही. हसण्याच्याही पलीकडे गेलेलं होतं ते. शेठजी कपाळ खाजवत राहिले. त्यांना हे प्रकरण मिटवायचं होतं, आणि मिटवायला कुणाचीतरी सही लागते.

"घ्या लिहून, मिस राऊत," साहेब म्हणाले. पहिल्याच तपासणीत त्यांना शंका आली होती. थर अलीकडेच, आकस्मिक वाढला. त्यांच्या सूचनेवरून मेणाची चाचणी घेण्यात आली. हे सगळं सुबक इंग्रजीत होतं, आणि मी लिहीत होते. मग ते जरा थांबले, घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "साइडिंगवरील कर्मचाऱ्याविषयीचा उल्लेख तूर्त रद्द समजावा."

तूर्त.

किसनभाऊ पायऱ्यांखाली उभे होते. कामावर आल्यावर आधी ऑफिसात हजेरी द्यायची असते, म्हणून आलेले. सदरा धुतलेला होता. ते कुणाकडे बघत नव्हते. साहेबांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, माश्या बसल्या आहेत का ते बघावं तसं, आणि हाताने मला पुढे लिहायची खूण केली. नळी अजून त्यांच्या गळ्यात होती.

मी पेन्सिल खाली ठेवली. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, आणि मी बोलले ते मराठीत.

"आधी खाली उतरून किसनभाऊंची माफी मागा. मग पुढचं सांगा."